लिन युटांग

लिन युटांग (जन्म : १० ऑक्टोबर १८९५, बान्झाय, फुजियान प्रांत, चीन, मृत्यू : २६ मार्च १९७६, हाँगकाँग) हे चिनी लेखक, भाषाशास्त्रज्ञ, कोशकार व यंत्रसंशोधक होते. 'माय कंट्री अँड माय पीपल' (१९३५) आणि 'द इम्पॉर्टन्स ऑफ लिव्हिंग' (१९३७) या इंग्रजी ग्रंथांमुळे त्यांना जागतिक कीर्ती मिळाली. भारतीय वाचकांनाही ते प्रामुख्याने प्रसन्न शैलीचे निबंधकार म्हणूनच परिचित आहेत. तथापि सुमारे तीस वर्षे त्यांच्या मनात ठाण मांडून बसलेला प्रश्न साहित्याचा नव्हता. हजारो अक्षरांची चिनी लिपी मोजक्या कळांच्या फलकावर कशी आणावी, हा तो प्रश्न होय. त्यासाठी त्यांनी बनवलेले 'मिंगक्वाय' हे टंकलेखन यंत्र बाजारात आले नाही. मात्र त्यामागील तत्त्व पुढे संगणकाच्या कळफलकावर सर्रास रूढ झाले.

बालपण व शिक्षण

लिन यांचे वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. डोंगराळ खेड्यात बालपण गेल्यावर लिन शांघाय येथील सेंट जॉन्स विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ मध्ये पदवीधर झाले. तेथील शिक्षण इंग्रजी वळणाचे होते. पुढे पेकिंगच्या चिंग्ह्वा येथे अध्यापन करताना आपल्याच भाषेतील वाङ्मय व लोककथा आपल्याला पुरेशा ठाऊक नाहीत, ही उणीव त्यांना फार जाणवली. ती भरून काढण्यासाठी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वेळ घालवू लागले. लिपीविषयीच्या त्यांच्या कुतूहलाचे मूळ या उशिरा झालेल्या स्वभाषेच्या ओळखीत असावे, असे म्हणावयास जागा आहे. जन्मापासून अंगवळणी पडलेल्या गोष्टीकडे माणूस सहसा इतक्या चिकित्सेने पाहत नाही.

१९१९ मध्ये ल्याव त्सुइफंग यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य अमेरिकेस गेले. हार्वर्डची एम.ए. आणि जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाची डॉक्टरेट (१९२३) मिळवून लिन मायदेशी परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन चिनी भाषेचे ध्वनिशास्त्र हा होता.

अक्षरे शोधण्याचा प्रश्न

चिनी लिपीत वर्णमाला नाही. शब्दकोशात एखादे अक्षर शोधायचे तर प्रथम त्यातील मूळ घटक ओळखावा लागतो, मग उरलेल्या रेघा मोजाव्या लागतात. १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या कांग्शी कोशात असे २१४ मूळ घटक मानलेले आहेत. कोणत्या अक्षराचा मूळ घटक कोणता, याविषयी जाणकारही अडखळतात. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचा क्रम पाठ असलेल्या मराठी विद्यार्थ्यास कोश उघडताना जी सहजता वाटते, ती तेथे नव्हती.

या अडचणीवर लिन यांनी विशीतच विचार सुरू केला. अक्षरांची नवी अनुक्रमपद्धती सुचवणारा त्यांचा लेख १९१८ मध्ये 'नवयौवन' या अर्थाच्या नावाने निघणाऱ्या पुरोगामी चिनी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षर कोशात शोधणे आणि यंत्रावर उमटवणे ही दोन कामे वस्तुतः एकच आहेत, हे पुढे त्यांच्या ध्यानी आले. त्यांच्या सर्व पुढील यांत्रिक खटाटोपाचे बीज या जाणिवेत आहे.

तत्कालीन चिनी टंकलेखन यंत्राला कळफलकच नव्हता. सुमारे अडीच हजार खिळे एका मोठ्या तबकात मांडलेले असत. टंकलेखक वरचा दट्ट्या सरकवून हवा तो खिळा गाठत असे आणि दाबून अक्षर उमटवत असे. खिळ्यांच्या जागा पाठ होण्यास दीर्घकाळ सराव लागे. तबकात नसलेले अक्षर आले की वेगळ्या पेटीतून खिळा काढून आणावा लागे. आपल्याकडील जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याची कल्पना सहज येईल.

लेखक म्हणून कीर्ती

१९२३ नंतर लिन पेकिंग विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. राजकीय वातावरण तापल्यावर १९२६ मध्ये त्यांनी ते शहर सोडले. शामन विद्यापीठातील अल्प वास्तव्य आणि वुहान येथील सरकारी नोकरीनंतर ते शांघायला स्थिरावले. इंग्रजीतील विनोदबुद्धीच्या कल्पनेसाठी 'योउमो' हा शब्द त्यांनीच चिनीत रूढ केला. १९३२ मध्ये त्यांनी 'लुन्यु' हे विनोदी पाक्षिक सुरू केले. त्यांची इंग्रजीची क्रमिक पुस्तकेही खूप खपली.

त्या मानधनातील बराच पैसा यंत्रावर गेला. १९३१ मध्ये ते युरोपला गेले असता इंग्लंडमधील कारागिरांकडून त्यांनी नमुना करवून घेण्याचा प्रयत्न केला. तो अपुराच राहिला आणि लिन जवळजवळ रिकाम्या खिशाने परतले.

अमेरिकी लेखिका पर्ल बक यांच्या प्रोत्साहनाने लिहिलेले 'माय कंट्री अँड माय पीपल' गाजले आणि १९३६ मध्ये लिन सहकुटुंब अमेरिकेस गेले. 'मोमेंट इन पेकिंग' (१९३९) ही त्यांची कादंबरी विशेष उल्लेखनीय आहे. 'द विज्डम ऑफ चायना अँड इंडिया' (१९४२) या संकलनात त्यांनी ऋग्वेद, उपनिषदे, भगवद्गीता, धम्मपद व पंचतंत्र यांतील वेचे इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. साहित्याच्या नोबेल पुरस्कारासाठी १९४० व १९५० मध्ये त्यांचे नाव सुचवले गेले होते.

मिंगक्वाय यंत्र

पुस्तकांतून हाती आलेला पैसा लिन यांनी पुन्हा त्याच कामी लावला. न्यूयॉर्कमधील एका यंत्रशाळेत सुटे भाग घडवून घेण्यात आले. एकूण खर्च सुमारे १,२०,००० डॉलरवर गेला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. साठवलेला पैसा संपला आणि कर्ज काढावे लागले. १७ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी अमेरिकेत एकस्वासाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये यंत्र पूर्ण झाले. त्याच्या नावाचा अर्थ 'स्पष्ट व जलद' असा होतो. 'मिंग' हे अक्षर सूर्य आणि चंद्र या दोन चिन्हांच्या जोडणीतून झाले आहे. अक्षरांचे तुकडे पाडून काम करणाऱ्या यंत्राला हे नाव शोभते.

टेबलावर मावणाऱ्या या यंत्राला ७२ कळा होत्या. त्यांपैकी ३६ कळा अक्षराच्या वरच्या भागाच्या आकारांसाठी, २८ खालच्या भागाच्या आकारांसाठी आणि ८ कळा अंकांच्या होत्या. टंकलेखक प्रथम वरच्या आकाराची कळ दाबी, नंतर खालच्या आकाराची. या दोन्ही वेळी कागदावर काहीच उमटत नसे. आतील रूळ फिरत आणि त्या दोन आकारांत बसणारी जास्तीत जास्त आठ अक्षरे यंत्रावरील छोट्या खिडकीत दिसत. या खिडकीला लिन 'जादूचा डोळा' म्हणत. हव्या त्या अक्षराच्या क्रमांकाची कळ दाबली की तेवढेच अक्षर छापले जाई. एका मोठ्या पिंपात लहान रूळ आणि त्या रुळांत अक्षरे कोरलेल्या दांड्या, अशी आतील रचना होती. ग्रह सूर्याभोवती फिरता फिरता स्वतःभोवतीही फिरतो, तशी या भागांची गती असे. पूर्ण अक्षरे सात हजारांहून अधिक होती. शिवाय अर्धे भाग जोडून एकूण ९०,००० अक्षरे उमटवता येतील, असा लिन यांचा दावा होता.

येथे कळफलकाचे कामच बदलले, हे लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजी यंत्रावर 'ए'ची कळ दाबली की 'ए' उमटतो. मराठी टंकलेखन यंत्रावरही जोडाक्षर अर्ध्या व पूर्ण अक्षरांच्या कळांतून थेट कागदावर जुळत असे. मिंगक्वायची कळ मात्र अक्षर लिहीत नाही, अक्षर शोधते. लिहिणे शेवटच्या, निवडीच्या कळेवर होते.

रेमिंग्टन कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे झालेल्या प्रात्यक्षिकाची हकिकत लिन यांच्या कन्या व चरित्रकार लिन ताय्यी यांनी लिहून ठेवली आहे. त्यांनी कळा दाबल्या, पण यंत्र चाललेच नाही. वडील-मुलगी यंत्र घेऊन भर पावसात घरी परतले. दुरुस्ती लवकरच झाली आणि नंतर वार्ताहरांपुढे ताय्यी यांनी ते यंत्र व्यवस्थित चालवून दाखवले. पण कंपनीचे मन वळले नाही. अनेक लेखांत ही फजितीच अपयशाचे कारण म्हणून रंगवली जाते. ते पटणारे नाही. कारण त्यानंतरही मर्गेंथेलर लिनोटाइप या मातब्बर कंपनीने यंत्राचे हक्क घेतले होते. खरी अडचण दुहेरी होती. यंत्र घडवणे अतिशय खर्चिक होते आणि चीनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. १९४९ मध्ये सत्तांतर झाले, लिपी सोपी करण्याचे वारे वाहू लागले आणि अमेरिकी कंपनीला चीनची बाजारपेठच उरली नाही. लिन यांना एकस्व मिळाले ते १४ ऑक्टोबर १९५२ रोजी. तोवर उत्पादनाची आशा मावळली होती.

उत्तरायुष्य

कर्ज फेडण्यासाठी लिन यांना बरेच झगडावे लागले. १९४८ मध्ये त्यांनी पॅरिसला युनेस्कोच्या कला व साहित्य विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. १९५४ मध्ये सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांच्याकडे आले, परंतु मतभेदांमुळे पुढच्याच वर्षी त्यांनी ते सोडले. १९६६ पासून ते तैवानमध्ये राहू लागले.

वृद्धापकाळी त्यांनी चिनी-इंग्रजी कोशाचे काम अंगावर घेतले. ते चालू असतानाच १९७१ मध्ये त्यांच्या थोरल्या कन्येचे निधन झाले. त्या आघातातून ते पुरते सावरले नाहीत. हा कोश हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीने १९७२ मध्ये प्रकाशित केला. अक्षरे शोधण्यासाठी त्यात लिन यांचीच अनुक्रमपद्धती वापरली आहे. यंत्राने नाकारलेले स्थान तिला अखेर कागदावर मिळाले. मृत्यूनंतर तैपेईजवळील यांगमिंगशान येथे त्यांच्या घराच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. ते घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे.

तत्त्वाचा पुढील प्रवास

१९८०च्या दशकात तैवानच्या मायटॅक या संगणक कंपनीने लिन यांच्या पद्धतीवर आधारित अक्षरलेखन प्रणाली आणली. तरीही त्यांना चिनी संगणकलेखनाचे एकमेव जनक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अक्षराचे तुकडे पाडणारी त्सांगज्ये पद्धती चू बाँग-फू यांनी १९७६ मध्ये स्वतंत्रपणे तयार केली, आणि आज चीनमधील बहुसंख्य लोक आकारावरून नव्हे, तर रोमन अक्षरांत उच्चार लिहून टंकलेखन करतात. टिकून राहिला तो पुढचा टप्पा : काही कळा दाबायच्या, पर्यायांची ओळ पाहायची आणि त्यातून एक निवडायचा. रोमन कळफलकावर मराठी शब्द लिहून खाली येणाऱ्या देवनागरी पर्यायांतून हवे ते रूप घेणारी व्यक्तीही हेच करत असते.

मिंगक्वायचा एकमेव नमुना अनेक दशके नष्ट झाल्याचे समजले जात होते. जानेवारी २०२५ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातील एका घराच्या तळघरात सापडला. त्या घरातील एक पूर्वज मर्गेंथेलर कंपनीत यंत्रकारागीर होते. हे यंत्र आता स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहात घेतले आहे.