शिक्षण इंजिनियरिंगचं, नोकरी कोळसा टाकायची. त्याच गड्याने वाफेच्या इंजिनांचं ऑइलिंग सोपं केलं

गाडीच्या ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. गॅरेजवाला विचारतो, कुठलं टाकू? आणि आपण म्हणतो, चांगलं टाक. पण चांगलं ऑइल म्हणजे नेमकं काय, या प्रश्नामागे एका माणसाने अख्खं आयुष्य घालवलं. त्याचं नाव एलायजा मॅककॉय.

त्याचे आईवडील अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून जीव मुठीत धरून पळाले आणि कॅनडात पोहोचले. तिथेच १८४४ साली एलायजाचा जन्म झाला. पोराला यंत्रं खोलायचा भारी नाद. घरच्यांनी पंधराव्या वर्षी त्याला थेट स्कॉटलंडला, एडिनबराला मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला पाठवलं.

शिकून तो अमेरिकेत मिशिगनला आला. तोवर त्याचं कुटुंबही तिथे येऊन राहिलं होतं. पण कृष्णवर्णीय माणसाला इंजिनियर म्हणून कोण घेणार? मिशिगन सेंट्रल रेल्वेने त्याला काम दिलं ते फायरमनचं. म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचा आणि इंजिनाला तेल घालायचं.

या तेल घालण्यातच खरी मेख होती. सिलिंडरमध्ये पिस्टन सतत मागेपुढे होतो. मध्ये तेलाचा थर नसेल तर धातूवर धातू घासतो, तापतो आणि झिजतो. त्यासाठी ठरावीक वेळाने हाताने तेल द्यावं लागायचं.

एलायजाने हे काम वाफेवरच सोपवलं. तेलाने भरलेलं एक भांडं आणि वाफेच्या दाबावर चालणारी झडप. इंजिन चालू असतानाच तेल आपोआप सिलिंडरमध्ये उतरणार. १८७२ साली त्याला या ल्युब्रिकेटरचं पेटंट मिळालं. अशी साधनं त्याच्या आधीही होती, पण तो आपल्या डिझाइनमध्ये वर्षानुवर्षं सुधारणा करत राहिला. रेल्वे आणि जहाजांच्या इंजिनांवर त्याचे ल्युब्रिकेटर बसू लागले.

त्याच्या नावावर जवळपास ५७ पेटंट झाली. बहुतेक तेल देण्याच्या यंत्रांचीच, पण त्यात इस्त्रीचं टेबल आणि बागेत पाणी शिंपडायचं यंत्रसुद्धा होतं.

पुढे जास्त तापवलेल्या वाफेवर चालणारी इंजिनं आली. उष्णता वाढली की तेल पातळ होतं आणि थर टिकत नाही. त्यावर एलायजाने तेलात ग्राफाइटची पूड मिसळून देणारा ल्युब्रिकेटर बनवला. १९१५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याचं पेटंट घेतलं.

आपल्या गाडीचा प्रश्नही हाच आहे. थंडीत तेल घट्ट होतं, उष्णतेत पातळ. डब्यावरचा डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, साधारण १०० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहतं ते सांगतो. गरजेपेक्षा पातळ तेल टाकलं तर थर तुटतो. गरजेपेक्षा घट्ट टाकलं तर ते सगळीकडे पोहोचायला उशीर होतो आणि मायलेजही घटतं. म्हणून जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, हा हिशोब चुकीचा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय, तोच बरोबर.

आता एलायजाचं पुढे काय झालं? भांडवल नसल्याने त्याने बरेच पेटंट हक्क इतरांना दिले. पैसा दुसऱ्यांनी कमावला आणि अनेक यंत्रांवर त्याचं नावही आलं नाही. स्वतःच्या नावाची कंपनी निघाली ती १९२० साली, पंचाहत्तरीनंतर. दोनच वर्षांत मोटार अपघातात तो आणि पत्नी मेरी जखमी झाले. मेरी त्यातून वाचल्या नाहीत. १९२९ साली एका सार्वजनिक रुग्णालयात त्याचंही निधन झालं.

इंग्रजीत अस्सल मालाला 'द रियल मॅककॉय' म्हणतात. हा शब्द त्याच्यावरूनच आला असं बरेच जण सांगतात, पण तसाच वाक्प्रचार स्कॉटलंडमध्ये त्याच्या पेटंटच्या आधीपासून होता. त्यामुळे तो किस्सा पक्का धरता येत नाही.

पक्कं आहे ते हे: २०१२ साली अमेरिकेच्या पेटंट खात्याने डेट्रॉइटमध्ये प्रादेशिक ऑफिस उघडलं आणि त्याला नाव दिलं एलायजा मॅककॉयचं. ज्याला इंजिनियरची खुर्ची नाकारली, त्याचंच नाव पेटंट खात्याच्या ऑफिसला मिळालं.