राजा दीनदयाळ : काचेवरचा इतिहास

नावात ‘राजा’ असूनही ज्याला गादी नव्हती, अशा एका माणसाचे हे चरित्र आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे, एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके करता करता, १८७४ च्या सुमारास त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले.

तो काळ आजच्यासारखा बटण दाबण्याचा नव्हता. ओल्या काचेच्या तंत्रात काचेवर रसायन ओतायचे, ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यायचे आणि तिथेच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा कुठे प्रवास सुकर झाला. सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य भारतातील वास्तू टिपल्या. ती छायाचित्रे १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. १८९६ साली मुंबईतही निघाला. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीकडून त्यांना राजनियुक्तीचा मान मिळाला. १९०५ साली ते निवर्तले.

मात्र त्यांच्या कार्याची खरी परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. दरबार गेले, स्टुडिओ मिटले. तरीही सुमारे २,८५७ काचेच्या निगेटिव्ह उरल्या आणि त्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांच्या अनेक चित्रांवर क्रमांक आणि स्थळाचे नाव लिहिलेले आढळते. त्या दोन ओळींमुळेच मुका चेहरा बोलू लागतो.

याचे महत्त्व मला गेल्या दिवाळीच्या सुटीत कळले. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातील निगेटिव्ह मी कडेने धरून, मऊ ब्रशने धूळ झटकून, पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर ठेवल्या. वरून मोबाईलने टिपल्या आणि संगणकावर काळ्याचे पांढरे केले. यंत्राचे काम दोन दिवसांत संपले. पण चेहऱ्यांची नावे कोण सांगणार? आजी एकटीच उरली आहे, आणि तिची दृष्टी अधू झाली आहे. पडद्यावर चित्र मोठे केले की ती ओळखते : ही माझी थोरली जाऊ, हा विहिरीत बुडून गेलेला दीर. एका नऊवारीतल्या बाईपाशी मात्र ती गप्प झाली. ते नाव आता घरात कोणालाच ठाऊक नाही.

दीनदयाळांजवळ दरबाराचे पाठबळ होते, आपल्याजवळ ते नाही. परंतु क्रमांक, गाव, साल आणि नाव लिहून ठेवण्यास पैसा लागत नाही. चित्र संगणकावर चढवणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे वडीलधाऱ्यांपाशी बसून करायचे असते. माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी येत्या सुटीत ते हाती घ्यावे, एवढीच विनंती. यंत्रे पुढेही मिळतील, सांगणारी माणसे मिळणार नाहीत.