कोटाच्या खिशातील वही



नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. या महिन्यात आपण कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या घरातील मृतांची नावे कागदावर लिहून मिस्सासाठी आणून देतो. आज आम्ही अशा एका माणसाची ओळख करून देत आहोत, ज्याला १९४४ साली याच महिन्यात आणखी एकवीस जणांसोबत एका खड्ड्यात पुरण्यात आले. त्याचे नाव मिक्लोश राद्नोती. हंगेरी देशातील शाळकरी मुलांना त्याच्या कविता पाठ असतात.

मिक्लोशचा जन्म ५ मे १९०९ रोजी बुडापेस्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्याच दिवशी त्याची आई वारली आणि त्याचा जुळा भाऊही गेला. वडिलांनी दुसरे लग्न केले. मिक्लोश बारा वर्षांचा असताना वडीलही गेले आणि मामाने त्याचा सांभाळ केला. दोन जिवांच्या मोबदल्यात आपण जगलो, ही बोच त्याच्या मनातून कधी गेली नाही.

१९३० साली तो सेगेड येथील विद्यापीठात शिकायला गेला. तेथे त्याला सांदोर शिक हे प्राध्यापक भेटले. ते पिआरिस्ट संघाचे धर्मगुरू होते आणि स्वतः कवीही होते. १९३१ साली मिक्लोशचा दुसरा कवितासंग्रह सरकारने जप्त केला. धर्माचा अवमान व अश्लीलता असे आरोप ठेवून त्याला आठ दिवसांची शिक्षा सुनावण्यात आली. त्या वेळी फादर शिक यांनी त्याची बाजू घेतली आणि शिक्षा अमलात आली नाही. धर्माची निंदा केली असा ज्याच्यावर आरोप, त्याच्या पाठीशी एक धर्मगुरू उभा राहिला. आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट विशेष विचार करायला लावते. तरुणाला दूर लोटणे सोपे असते. फादर शिक यांनी त्याला जवळ केले.

१९३४ साली मिक्लोशने डॉक्टरेट मिळवली. १९३५ साली फान्नी हिच्याशी त्याचा विवाह झाला. शिक्षक होण्याची पात्रता असूनही ज्यू म्हणून त्याला कायमची नोकरी मिळाली नाही. शिकवण्या आणि भाषांतरे यांवर दोघांचा संसार चालला.

हंगेरीत १९३८ आणि १९३९ साली ज्यूंचे हक्क कमी करणारे दोन कायदे झाले. येथे एक कटू सत्य सांगणे आम्हांला भाग आहे. संसदेच्या वरिष्ठ सभागृहात ख्रिस्ती धर्माधिकारी बसत असत. या दोन्ही कायद्यांना त्यांच्या पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला. १९४१ साली तिसरा कायदा आला तेव्हा मात्र त्यांनी विरोध केला. त्याचे मुख्य कारण असे की, बाप्तिस्मा घेतलेले ज्यू वंशाचे लोकही त्या कायद्याच्या कचाट्यात येत होते. म्हणजे आपल्या नोंदवहीत ज्यांची नावे होती, त्यांच्यासाठी आवाज उठला. इतरांसाठी तो वेळेवर उठला नाही.

ज्यू पुरुषांना सैन्यात बंदूक दिली जात नसे. त्यांच्या हाती फावडे देऊन त्यांच्याकडून सक्तीने मजुरी करून घेत. मिक्लोशला असे बोलावणे तीनदा आले, १९४०, १९४२ आणि १९४४ साली. दुसरी खेप संपवून तो घरी आला आणि २ मे १९४३ रोजी त्याने व फान्नीने कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा स्वीकारला. काही जण म्हणतील, जीव वाचवण्यासाठी घेतला असेल. पण कायद्याच्या लेखी तो ज्यूच राहणार होता. दंडावरची पिवळी पट्टी जाऊन पांढरी आली, एवढाच बदल होणार होता. माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा आपण करू नये. तो देवाचा अधिकार आहे.

मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतला. मे महिन्याच्या मध्यापासून सुमारे आठ आठवड्यांत चार लाखांहून अधिक ज्यूंना रेल्वेने देशाबाहेर नेण्यात आले, बहुतेकांना आउश्वित्झ येथे. मिक्लोशची सावत्र आई आणि सावत्र बहीण तेथेच मारल्या गेल्या. त्याच महिन्यात मिक्लोशला तिसरे बोलावणे आले. या वेळी त्याची रवानगी सर्बियातील बोर येथे झाली. सर्बिया १९४१ पासून जर्मनांच्या ताब्यात होता आणि बोरच्या खाणीतील तांबे त्यांना युद्धासाठी हवे होते. हंगेरीच्या सरकारने करार करून सुमारे सहा हजार ज्यू मजूर तेथे पाठवले होते. मिक्लोश डोंगरातल्या एका छावणीत राहून रेल्वेमार्गाच्या कामावर राबत होता. तेथे त्याने एक लहान वही मिळवली. दिवसभर श्रम करून तो तीत कविता लिहीत असे. त्यांतील पाच कवितांच्या प्रती त्याने एका सोबत्याकडे देऊन ठेवल्या.

सप्टेंबर १९४४ मध्ये रशियन सैन्य जवळ येऊ लागले आणि जर्मनांनी छावण्या रिकाम्या केल्या. १७ सप्टेंबरला तीन हजारांहून अधिक मजुरांचा पहिला जथा पायी निघाला. त्यात मिक्लोश होता. मागे राहिलेल्या जथ्याची युगोस्लाव्ह छापामारांनी सुटका केली. कविता ज्याच्याकडे होत्या तो सोबतीही त्यामुळे वाचला. पहिल्या जथ्याच्या नशिबी मात्र मरण होते. जो चालू शकत नसे त्याला रस्त्यातच गोळी घातली जाई. ऑक्टोबरच्या ७ आणि ८ तारखांना त्सर्वेंका गावच्या वीटभट्टीवर एसएसच्या लोकांनी या जथ्यातील सातशे ते हजार जणांना गोळ्या घालून खड्ड्यांत ढकलले. मिक्लोशचा सहकैदी, व्हायोलिनवादक मिक्लोश लोर्शी, हाही याच वाटेवर मारला गेला. तरीही आपला कवी लिहीत राहिला. त्याची शेवटची कविता ३१ ऑक्टोबरची आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बावीस जण अगदी खचून गेले होते. पहारेकऱ्यांनी त्यांना गाड्यांवर घालून ज्योर शहरातील इस्पितळांत नेले. तेथे त्यांना कुणी दाखल करून घेतले नाही. मग ९ नोव्हेंबरच्या सुमारास आब्दा गावाजवळ नदीच्या बांधाशी त्यांना गोळ्या घालून पुरण्यात आले. मारणारे जर्मन नव्हते. ते हंगेरीचेच सैनिक होते, मिक्लोशचीच भाषा बोलणारे. तो पस्तीस वर्षांचा होता.

जून १९४६ मध्ये तो खड्डा उकरण्यात आला. मिक्लोशच्या कोटाच्या खिशात ती वही सापडली. पहिल्या पानावर त्याने पाच भाषांत विनंती लिहून ठेवली होती की, ही वही ज्याला सापडेल त्याने ती बुडापेस्टमधील त्याच्या मित्राकडे पोहोचवावी. आत दहा कविता होत्या. त्यांतील पाच जगात दुसरीकडे कोठेही नव्हत्या. फान्नीने पुन्हा लग्न केले नाही. त्याच घरात राहून ती २०१४ साली वयाच्या १०१व्या वर्षी वारली.

त्या काळी सगळेच गप्प बसले असे मात्र नाही. हंगेरीतील धर्मभगिनी शारा शाल्काहाझी यांनी ज्यूंना लपवून ठेवले आणि त्यासाठी २७ डिसेंबर १९४४ रोजी गोळ्या झेलल्या. २००६ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. लपवताना त्यांनी कुणाचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहिला नाही.

बंधुभगिनींनो, आब्दाच्या खड्ड्यात बावीस जण होते. त्यांतील मिक्लोश कॅथलिक होता म्हणून आज आम्ही त्याची कथा सांगितली. पण तो एकटा आपला आणि बाकीचे परके, असे आपण मानले तर या कथेतून आपण काहीच शिकलो नाही. भल्या समारितानाच्या दाखल्यातही जखमी माणसाची जात वा धर्म सांगितलेला नाही. आपल्याही वस्तीत भाड्याने राहणारे परप्रांतीय आहेत, वीटभट्टीवर राबणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यावर अन्याय झाला तर आपण बोलतो का, की आपल्या धर्मग्रामातील कुणाचे नाव त्यात आले तरच बोलतो?

या आठवड्यात मृतांच्या नावांचे कागद आणून द्यायचे आहेत. आपल्या आजी-आजोबांची, आईवडिलांची नावे जरूर लिहा. त्याखाली एक ओळ मोकळी ठेवा. ज्यांचे नाव लिहायला घरात कुणीच उरले नाही, त्यांच्यासाठी ती ओळ असू द्या. आम्ही वेदीवर त्या ओळीसाठीही मिस्सा अर्पण करू.