परीक्षा न दिलेला स्वार

दुचाकी शिकू लागलेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात. परवान्याची चाचणी कशी पार पडणार आणि आपल्या अंगलटीला, आपल्या हाताला झेपेल अशी गाडी कोणती घ्यायची? 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला ठाऊक असलेल्या टी. ई. लॉरेन्सने यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या हौसेने शोधले. पहिला प्रश्न मात्र त्याच्यापुढे कधी उभाच राहिला नाही. ब्रिटनमध्ये वाहन चालवण्याची चाचणी १ जून १९३५ पासून सक्तीची झाली आणि लॉरेन्स १९ मे १९३५ रोजी मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. मध्ये होते अवघे तेरा दिवस.

डेव्हिड लीन याचा १९६२ सालचा चित्रपट पाहिलेल्यांना त्याची सुरुवात आठवत असेल. ती वाळवंटात नाही, इंग्लंडमधल्या एका साध्या ग्रामीण रस्त्यावर आणि एका मोटारसायकलवर होते. मुंबईच्या चित्रसृष्टीतले आय. एस. जोहर यांनी याच चित्रपटात गासीमची भूमिका केली होती. त्यानंतर पडद्यावर उंट, तलवारी आणि वाळूचे डोंगर येतात आणि सुरुवातीची ती मोटारसायकल प्रेक्षक विसरून जातो. लॉरेन्सच्या आयुष्याची शेवटची तेरा वर्षे मात्र तिनेच व्यापली होती.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमाडॉग या गावी झाला. कुटुंब पुढे ऑक्सफर्डला स्थायिक झाले. दोन चाकांचे वेड त्याला विद्यार्थिदशेतच लागले होते. मध्ययुगीन किल्ले पाहण्यासाठी त्याने सायकलवरून फ्रान्स पालथा घातला आणि १९०९ साली सीरियातले धर्मयुद्धकालीन किल्ले पायी फिरून पाहिले. पुढे कार्केमिशच्या उत्खननात काम करताना अरबी भाषा आणि तिथली माणसे त्याला जवळून कळली. पहिल्या महायुद्धात हेच ज्ञान कामी आले. तुर्की सत्तेविरुद्ध १९१६ साली सुरू झालेल्या अरब उठावात तो ब्रिटिश लष्कराचा दुवा बनला. जुलै १९१७ मध्ये अकाबा पडले, ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस हाती आले आणि लॉरेन्सचे नाव घरोघर पोहोचले.

कीर्ती मिळाली, पण ती त्याला पेलवली नाही. अरबांना दिलेली स्वातंत्र्याची आश्वासने युद्धानंतर पाळली गेली नाहीत, याचा सल त्याच्या मनातून गेला नाही. कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेला हा माणूस १९२२ साली जॉन ह्यूम रॉस असे खोटे नाव घेऊन हवाई दलात सर्वांत खालच्या पायरीवर भरती झाला. वृत्तपत्रांनी हे गुपित फोडले आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याला दलातून बाहेर पडावे लागले. मग टी. ई. शॉ या नावाने तो रणगाडा दलात शिरला. डॉर्सेट परगण्यातल्या बॉव्हिंग्टन छावणीत त्याची नेमणूक झाली आणि जवळच 'क्लाउड्स हिल' नावाचे छोटे घर त्याने घेतले. १९२५ साली तो पुन्हा हवाई दलात परतला.

याच अज्ञातवासाच्या सुरुवातीला, १९२२ साली, त्याने पहिली 'ब्रफ सुपीरियर' मोटारसायकल घेतली. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफचा हा कारखाना. तिथे गाड्यांचे ढीग निघत नसत. १९४० पर्यंतच्या सुमारे दोन दशकांत साधारण तीन हजार गाड्या तयार झाल्या. प्रत्येक गाडी आधी पूर्ण जोडली जाई, मग पुन्हा सुटी करून रंगवली जाई, पुन्हा जोडली जाई आणि रस्त्यावर चालवून पाहिल्यानंतरच गिऱ्हाइकाच्या हाती पडे. हँडल आणि बैठक गिऱ्हाइकाच्या सोयीप्रमाणे करून मिळे. १९२४ साली आलेल्या 'एसएस १००' या गाडीबरोबर ती ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, धावते अशी हमीही दिली जाई.

लॉरेन्सची उंची साडेपाच फुटांहून थोडी कमीच होती आणि गाडी होती हजार सीसीच्या घरातल्या जोड-सिलिंडर इंजिनाची, पावणेदोनशे किलोंच्या आसपास वजनाची. दोन्ही पाय जमिनीला टेकतील आणि आडवी पडली तर एकट्याला उचलता येईल, अशीच गाडी नवशिक्याने घ्यावी हा आजचा साधा सल्ला. त्या मापाने ही निवड अवघडच म्हणायची. पण लॉरेन्स नवशिक्या राहिला नव्हता. इंजिनाचा आवाज ऐकून गाडीची तब्येत ओळखण्याइतका तो तिच्याशी एकरूप झाला होता. स्वतः निष्णात शर्यतपटू असलेल्या जॉर्ज ब्रफनेही त्याच्या चालवण्याची वाखाणणी केली. आपल्या गाड्यांना लॉरेन्सने 'बोअनर्जीस' असे बायबलमधले नाव दिले. त्याचा अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. लागोपाठ सात ब्रफ त्याने वापरल्या आणि आठवीची मागणी नोंदवून ठेवली होती. हवाई दलातल्या दिवसांवर लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिंट' या पुस्तकात, डोक्यावरून उडणाऱ्या विमानाशी त्याने मोटारसायकलवरून लावलेल्या शर्यतीचे वर्णन आहे.

मधली दोन वर्षे तो हिंदुस्थानात होता. जानेवारी १९२७ मध्ये तो कराचीच्या हवाई तळावर रुजू झाला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. पुढे सरहद्दीवरच्या मीरानशाह येथे त्याची बदली झाली. शेजारी अफगाणिस्तानात बंड उसळले तेव्हा हा जुना हेर तिथे काय करतो आहे, अशा वावड्या वृत्तपत्रांतून उठल्या आणि सरकारने १९२९ च्या आरंभी त्याला तातडीने मायदेशी बोलावले. मुंबईच्या बंदरातूनच तो बोटीने निघाला. इंग्लंडमध्ये मित्रांनी त्याच्यासाठी नवी कोरी ब्रफ भेट म्हणून घेतली होती. पुढची काही वर्षे हवाई दलासाठी वेगवान बचाव-नौका तयार करण्याच्या कामी त्याने वाहून घेतले.

या सगळ्या काळात मोटारसायकल चालवण्यासाठी परवाना लागत होता, पण तो मिळवायला काही येत असणे आवश्यक नव्हते. १९०३ च्या कायद्यानुसार पाच शिलिंग भरले की परवाना हातात पडे. १९३० च्या कायद्याने ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादाही काढून टाकली. वाहने वाढली, वेग वाढला, तशी माणसेही मरू लागली. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ लोकांचा बळी गेला. तेव्हा कुठे सरकार हलले. मार्च १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि ऐच्छिक चाचण्या सुरू झाल्या. शुल्क होते साडेसात शिलिंग. चाचणीसाठी स्वतंत्र केंद्रे नव्हती. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्थानकावर किंवा नगरभवनाच्या दाराशी भेटत. तयारीसाठी १९३१ साली निघालेली एका पेनीची 'हायवे कोड' ही नियमपुस्तिका होती. १ जूनपासून चाचणी सक्तीची झाली, तीही १ एप्रिल १९३४ नंतर वाहन चालवू लागलेल्यांनाच. म्हणजे लॉरेन्स जगला असता तरी जुना चालक म्हणून त्याला सूटच मिळाली असती.

फेब्रुवारी १९३५ च्या अखेरीस तो हवाई दलातून निवृत्त झाला आणि शेवटच्या ठाण्यावरून निघाला तो साध्या सायकलवर. १३ मे रोजी सकाळी तो आपल्या सातव्या ब्रफवरून बॉव्हिंग्टनच्या टपाल कार्यालयात एक तार करून घराकडे परतत होता. रस्त्याला एक उतार होता आणि त्या खोलगट भागात सायकलवरून चाललेली दोन मुले त्याला वेळेवर दिसली नाहीत. त्यांना चुकवण्यासाठी त्याने गाडी वळवली, एका सायकलला ती घासली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या काळी शर्यतपटू सोडले तर ते फारसे कोणी घालतच नसे. कवटीला जबर मार बसला. सहा दिवस बेशुद्धीत काढून, वयाच्या ४६ व्या वर्षी, छावणीच्या रुग्णालयात त्याने प्राण सोडला. २१ मे रोजी मोरटन या गावी झालेल्या अंत्यविधीला विन्स्टन चर्चिलही हजर होते.

त्याला वाचवण्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये मूळचे ऑस्ट्रेलियाचे तरुण मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. रोगी हातचा गेला, पण तो मृत्यू टाळता आला असता हा विचार त्यांनी सोडला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले, दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून लष्कराचे संदेशवाहक मोटारसायकली दामटू लागले आणि केर्न्स यांनी आकडे जमवायला घेतले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले लोक दगावले होते. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. शिरस्त्राण घातलेले जे मोजके जखमी स्वार त्यांना तपासायला मिळाले, ते सगळे वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्कराने कामावरच्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसामान्य ब्रिटिश स्वारांना ही सक्ती लागू व्हायला मात्र १ जून १९७३ उजाडावा लागला. केर्न्स १९५२ सालीच वारले होते.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेटची सक्ती केली. आज मैदानात पाय न टेकता आठाचा आकडा काढण्याचा सराव करणाऱ्या आपल्याकडच्या उमेदवाराला ही सक्ती जाच वाटते आणि चाचणी म्हणजे एकदाची उरकायची कटकट वाटते. लॉरेन्सला गाडी उत्तम चालवता येत होती, गाडीही त्याने पारखून घेतली होती. ती ब्रफ, जीडब्ल्यू २२७५, अपघातात फारशी मोडली नव्हती. दुरुस्त होऊन ती पुन्हा रस्त्यावर आली आणि आजही जपून ठेवलेली आहे.