विश्लेषण : माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ का गुणगुणतो? उत्तर दडले आहे प्रा. फ्लेमिंग यांच्या दिव्यात

ओझर : दहावीच्या विज्ञानात फ्लेमिंग हे नाव प्रत्येकाने वाचलेले असते. डाव्या हाताचा नियम मोटारीसाठी, उजव्या हाताचा जनित्रासाठी. परीक्षा झाली की नाव विसरले जाते. पण याच सर जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये लावलेल्या शोधावर पुढची पन्नासएक वर्षे जगभरातले रेडिओ वाजत राहिले. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हा ट्रान्झिस्टर बाजारात आले होते. तरी अनेक घरांतल्या फळीवर व्हॉल्व्हचाच सेट होता. त्यातले काही आजही माळ्यावर आहेत. असा सेट पुन्हा वाजवायचा असेल, तर फ्लेमिंग यांनी नेमके काय केले हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

कोण होते फ्लेमिंग?

जन्म २९ नोव्हेंबर १८४९, इंग्लंडमधील लँकेस्टर. वडील धर्मोपदेशक, भावंडे सात, घरची स्थिती बेताची. लहानपणीच त्यांनी घरात स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली होती. १८७० मध्ये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पदवी घेतली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी शेअर बाजारात कारकुनी आणि पुढे शाळेत शिकवणी करावी लागली. पैसे साठवून ते केंब्रिजला पोहोचले तेव्हा वय २७ होते. तिथे विद्युतचुंबकीय सिद्धांताचे जनक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याकडे शिकण्याची संधी मिळाली. पण १८७९ मध्ये मॅक्सवेल यांचे निधन झाले. पुढे फ्लेमिंग युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले आणि सुमारे चार दशके तिथेच शिकवत राहिले. हाताचे नियम हे विद्यार्थ्यांना दिशा लक्षात राहावी म्हणून त्यांनी शोधलेली युक्ती होती.

दिव्यातला काळा डाग

१८८२ पासून ते एडिसन यांच्या लंडनमधील कंपनीचे सल्लागार होते. तेव्हाचे कार्बन तंतूचे दिवे आतून काळे पडत. एडिसन यांनी दिव्यात धातूची एक जादा पट्टी बसवून पाहिली, तेव्हा तंतू आणि पट्टी यांच्यामधल्या पोकळीतून वीज वाहताना दिसली. तीही एकाच दिशेने. फ्लेमिंग यांनी यावर बरेच प्रयोग केले, निबंध वाचले. पण या गोष्टीचा उपयोग काय, हे कोणालाच सुचत नव्हते. ते प्रायोगिक दिवे कपाटात पडून राहिले.

१९०४ मध्ये काय घडले?

१८९९ पासून फ्लेमिंग मार्कोनी कंपनीचे वैज्ञानिक सल्लागार होते. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार गेलेल्या संदेशासाठी पोल्ढू येथील शक्तिशाली प्रक्षेपक त्यांनीच उभारून दिला. अडचण होती ती ग्रहणाची. संदेश टेलिफोनच्या श्रवणयंत्रातून ऐकावे लागत आणि फ्लेमिंग यांची श्रवणशक्ती कमी होत चालली होती. संदेश आरशाच्या गॅल्व्हनोमीटरवर डोळ्यांनी पाहता यावा, अशी त्यांची गरज होती. पण रेडिओ लहरींचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. त्यामुळे काटा जागचा हलत नाही. प्रवाहाची एकच दिशा पुढे जाऊ दिली तर? त्यांना कपाटातले दिवे आठवले. प्रयोग जमला आणि १६ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांनी ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला.

तत्त्व सोपे आहे. तापलेल्या तंतूतून ऋणभारित इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरची पट्टी धन असेल तर ते तिकडे ओढले जातात. ऋण असेल तर परत लोटले जातात. पंपाच्या झडपेतून पाणी एकाच बाजूला जाते, तसेच हे. म्हणून नाव पडले व्हॉल्व्ह.

श्रेय आणि कोर्टकज्जे

१९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी तंतू आणि पट्टी यांच्यामध्ये जाळी बसवली. पुढे याच रचनेतून आवाज मोठा करणारा व्हॉल्व्ह आला. ही आपल्याच शोधाची नक्कल, असे फ्लेमिंग मानत. डी फॉरेस्ट ते नाकारत. १९१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाचा कौल फ्लेमिंग यांच्या पेटंटच्या बाजूने गेला. १९४३ मध्ये मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंटच अवैध ठरवले. मूळ दावा गरजेपेक्षा व्यापक होता आणि त्यातली दुरुस्ती उशिरा झाली, हे कारण. तेव्हा फ्लेमिंग ९३ वर्षांचे होते. पेटंट मार्कोनी कंपनीच्या मालकीचे असल्याने शोधातून त्यांना संपत्ती मिळाली नव्हतीच.

१९२९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १९३३ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी गायिका ऑलिव्ह फ्रँक्स यांच्याशी विवाह केला. कानाने साथ सोडली तरी दूरचित्रवाणी या नव्या माध्यमात ते रस घेत राहिले. १८ एप्रिल १९४५ रोजी सिडमथ येथे, ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते, म्हणजे त्यांच्या हयातीतच भारतातही व्हॉल्व्हचे रेडिओ वाजू लागले होते.

जुन्या रेडिओत हा शोध कुठे असतो?

पॉवर सप्लायमध्ये. घरातली एसी वीज डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह हा फ्लेमिंग यांच्या दिव्याचाच वंशज. त्याच्यापुढचा फिल्टर कंडेन्सर डीसीतले चढउतार सपाट करतो. वर्षानुवर्षे पडून हा कंडेन्सर सुकतो आणि स्पीकरमधून सतत गुणगुण येते. म्हणजे गुणगुण आली की आधी संशय कंडेन्सरवर.

डायलचा दिवा लागतो, व्हॉल्व्ह तापतात, पण आवाज अजिबात नाही? रेक्टिफायरनंतर डीसी मिळते का ते मीटरने बघावे. मिळत असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटला आहे का ते तपासावे. आवाज फाटतो आणि आउटपुट व्हॉल्व्हची पट्टी लाल होते? कागदी कपलिंग कंडेन्सर गळत असतो. सेट लगेच बंद करावा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोल साफ करावा.

सुरू करण्याआधी काय काळजी घ्यावी?

* सेट थेट प्लगला लावू नये. आधी वायर बदलावी आणि ६० वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. बल्ब पूर्ण तेजाने पेटत राहिला, तर आत शॉर्ट आहे.
* आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युतभार राहतो. तो रेझिस्टरने उतरवून, मीटरने खात्री करूनच हात घालावा.
* एसी-डीसी प्रकारच्या सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. त्याची चासी थेट मेनशी जोडलेली असल्याने नुसत्या स्पर्शानेही जीव जाऊ शकतो.
* मीटर वापरता येत नसेल तर सेट जाणत्या मेकॅनिककडेच न्यावा.