इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ देणारे मेजर कँडी

गोंदिया : स्पर्धा परीक्षेच्या तयारीत गुंतलेला विद्यार्थी अवघड इंग्रजी शब्द पाठ करतो, तेव्हा डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे मराठी अर्थ ही मांडणी त्याला अगदी स्वाभाविक वाटते. या मांडणीमागे एका लष्करी अधिकाऱ्याचे दीर्घ परिश्रम आहेत. त्यांचे नाव मेजर थॉमस कँडी.

कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. थॉमस व जॉर्ज ही जुळी भावंडे. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यानंतर थॉमस १८२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत हिंदुस्थानात आले. मराठीच्या व्यासंगामुळे दोघे बंधू जेम्स मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात सहभागी झाले. शास्त्रीपंडितांच्या साह्याने सिद्ध झालेला हा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला.

त्यानंतर मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला; परंतु प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. अपुरे राहिलेले हे काम कँडी यांनी तडीस नेले आणि १८४७ मध्ये कोश प्रसिद्ध झाला. गोंदियाचा परिसर त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता.

हे काम पहिल्या कोशाहून अधिक बिकट होते. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगता येतो. पण पाश्चात्त्य कायदा, शास्त्र किंवा तत्त्वज्ञानातील संज्ञेला मराठीत तयार प्रतिशब्द असेलच असे नाही. तेथे संस्कृतचा आधार घेऊन शब्द घडवावा लागे, अथवा अनेक पर्याय देऊन अर्थाच्या छटा उलगडाव्या लागत. एका शब्दासमोर एकच अर्थ घोकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

कँडी यांची कामगिरी कोशापुरती मर्यादित नव्हती. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची सूत्रे त्यांच्याकडे होती. सरकारी क्रमिक पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जात असे. भारतीय दंडसंहितेच्या मराठी भाषांतराचे कामही त्यांनी केले. १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून त्यांनी ही चिन्हे मराठी लेखनात रुजविण्यास हातभार लावला.

तथापि, त्यांच्या अधिकाराची दुसरी बाजूही आहे. एका परकीयाने मराठी गद्याची शुद्धाशुद्धता ठरवावी, हे अनेकांना रुचले नाही. त्यांच्या देखरेखीखाली पाठ्यपुस्तकांच्या भाषेला इंग्रजी वळण लागले, असा आक्षेप घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. इंग्रजीचा अर्थ मराठीत आणताना इंग्रजीची वाक्यरचनाही सोबत येते, हा धोका आजही टळलेला नाही.

१८७३ साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. १८७७ मध्ये महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. आयुष्याची अर्धशतकाहून अधिक वर्षे त्यांनी या भूमीशी नाते जोडले होते.

गोंदियात मराठीच्या जोडीला हिंदी, पोवारी व गोंडी बोलणारी घरे आहेत. येथील अनेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा ठरते. शब्द पाठ होतो, पण तो आपल्या भाषेत उमगल्याखेरीज आपला होत नाही. परक्या भाषेत आयुष्य घालवलेल्या कँडी यांच्या चरित्राचे सार हेच म्हणावे लागेल.