बाराशे फूट मागणारा एल्मर कीथ

दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरला, चेरीतालच्या घरी गेलो तेव्हा आजोबांना एक गोष्ट सांगून टाकली. रेंजवर घोडा दाबण्याआधीच माझे डोळे मिटतात. आजोबा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला एल्मर कीथची हकीकत सांगितली. बाकीची मी नंतर वाचून काढली.

कीथचा जन्म 8 मार्च 1899 रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात झाला. बारा वर्षांचा असताना मोंटानातील मिझूला गावी तो आगीत होरपळला आणि डावा हात आखडून उलटा वळला. पुढे त्याने आईवडिलांकडून तो हात मोडवून सरळ करून घेतला! मोठेपणी तो काऊबॉय झाला, शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला, आयडाहो नॅशनल गार्डच्या संघातून नेमबाजीला उतरला. हा माणूस धक्क्याला भिणारा नव्हता, एवढे आधीच सांगतो.

काडतुसे तो घरीच भरी. झाडलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, तीत नवी टोपी, तोललेली बारूद आणि शिशाची गोळी बसवायची, याला हँडलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणे शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. कोणी नादी लागू नये.) 4 जुलै 1925 रोजी जास्त बारुदीने त्याचे .45 रिव्हॉल्वर हातातच फुटले. मग तो .44 स्पेशलकडे वळला. भोक लहान, म्हणून चक्राच्या भिंती जाड राहतात, हे त्याचे गणित.

तीसेक वर्षे तो कंपन्यांच्या मागे लागला होता. त्याला हवी होती 250 ग्रेनची, म्हणजे सुमारे 16 ग्रॅमची गोळी आणि सेकंदाला 1200 फूट वेग. जुन्या स्पेशलचा वेग साडेसातशेच्या आसपास असे. 1955 च्या अखेरीस .44 मॅग्नम आले, पण कारखान्याने वेग 1400 च्याही वर नेला. ज्याच्या हट्टाने हे काडतूस जन्मले, त्याने मागितले होते त्याहून कमी! मला हे वाचून फार बरे वाटले.

अनेकांनी हौसेने मॅग्नम घेतले, सहा गोळ्या झाडल्या आणि ते कपाटात ठेवले. त्यांचेही डोळे मिटत असणार. त्यांच्यासाठी एक वाट होती. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम इंचाच्या आठव्या भागाने लांब केली होती, म्हणजे ती जुन्या रिव्हॉल्वरमध्ये शिरू नये. उलट स्पेशल मात्र मॅग्नममध्ये खुशाल बसते. दुसरी वाट मॅग्नमचीच पुंगळी हलकी भरण्याची. पण इथे आजोबा बराच वेळ थांबले. कमी बारूद म्हणजे कमी धोका, असे नाही. काही संथ जळणाऱ्या बारुदींना पुंगळी भरलेली लागते. फार कमी घातली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. आवाज बारीक आला म्हणून दुर्लक्ष करून पुढची झाडली, की नळी फुटते. म्हणून जाणता माणूस छापील कोष्टकाबाहेर जात नाही, वरही नाही आणि खालीही नाही.

माझ्यापुरता आजोबांनी उपाय सांगितला : आधी रिकाम्या रायफलवर घोडा दाबण्याचा सराव, मग .22. आता दहापैकी सात वेळा डोळे उघडे राहतात.

महायुद्धातले सांगायचे राहिले. तेव्हा कीथ यूटामधील ऑग्डेनच्या शस्त्रागारात तपासनीस होता. पास केलेल्या रायफलींवर ओजीईके हा ठसा उमटे. ऑग्डेन आणि एल्मर कीथ यांची अक्षरे. कीथ फेब्रुवारी 1984 मध्ये वारला, पण संग्राहक तो ठसा अजून शोधतात. मी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. आजोबांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, ठसा लाकडावर आहे की लोखंडावर. मी लाकडावर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि फोन परत दिला.